मनोरुग्णालयाच्या खाटा आणि तालुक्याचे गाव

मानसिक आजारांवरील उपचारांची एखाद्या राज्यातील सोय किती, या प्रश्नाचे उत्तर बहुधा खाटांच्या संख्येने दिले जाते. मनोरुग्णालयात इतक्या खाटा, त्यांपैकी इतक्या भरलेल्या, इतक्या रिकाम्या, असा हा हिशेब असतो. अलीकडे त्याच्या जोडीला दुसरी एक भाषा आली आहे. रुग्णाला समाजापासून दूर नेऊन ठेवण्याऐवजी त्याच्या वस्तीजवळ उपचार पोहोचवावेत, असे ही भाषा सांगते. तिला समाजाधिष्ठित मानसिक आरोग्यसेवा असे नाव आहे. या दोन भाषांचा परस्परसंबंध नीट ध्यानात यावयाचा असेल, तर मोठ्या शहरातील रुग्णालयाच्या दारात उभे राहून पाहण्यापेक्षा एखाद्या तालुक्याच्या गावावरून पाहणे अधिक उपयोगी ठरते. प्रस्तुत विवेचनासाठी अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) राहाता हा तालुका घेतला आहे.

खाटांचा हिशेब

महाराष्ट्रात शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांपैकी नागपूरचे १८६४ मधील, रत्नागिरीचे १८८६ मधील, ठाण्याचे १९०१ मधील आणि येरवड्याचे १९१५ मधील आहे. बराच काळ सरकारी नोंदींत त्यांच्या मंजूर खाटा अनुक्रमे ९४०, ३६५, १,८५० आणि २,५४० अशा दाखविल्या गेल्या. त्यांची बेरीज ५,६९५ होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांहून अधिक होती. म्हणजे सुमारे १९,७०० माणसांमागे एक खाट.

हेच प्रमाण जिल्ह्यास लावून पाहावे. अहमदनगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याची २०११ मधील लोकसंख्या ४५,४३,१५९ आणि तालुके १४. लोकसंख्येच्या मानाने जिल्ह्याच्या वाट्यास सुमारे २३० खाटा येतात, आणि एका सरासरी तालुक्याच्या वाट्यास १६. या खाटा अर्थातच तालुक्यात नाहीत. चारही रुग्णालयांपैकी राहात्यास सर्वांत जवळचे येरवड्याचे. नगरवरून जाणाऱ्या रस्त्याने ते सुमारे १९० किलोमीटरवर आहे.

आता गरजेची बाजू. २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र मानसिक आजार असलेल्या प्रौढांचे तत्कालीन प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तेव्हा हा आकडा केवळ अंदाजाची पट्टी म्हणून वापरावयाचा. सव्वातीन लाख वस्तीच्या तालुक्यात दोन-तृतीयांश माणसे प्रौढ धरली, तरी ही संख्या सुमारे सतराशे होते. एका बाजूस सतराशे माणसे आणि दुसऱ्या बाजूस १९० किलोमीटरवरील सोळा खाटा, असे हे चित्र आहे. नैराश्य, चिंता, व्यसने यांसारख्या अधिक व्यापक आजारांचा यात अजून विचारच केलेला नाही.

या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट होते. रुग्णालयाकडून समाजाकडे ‘स्थित्यंतर’ होत आहे, असे जे म्हटले जाते, ते राहात्यासारख्या तालुक्याला शब्दशः लागू पडत नाही. ज्यांना मानसिक आजार आहे अशी येथील बहुतेक सर्व माणसे पूर्वीही घरीच होती आणि आजही घरीच आहेत. शेतावर, पेरूच्या बागेत, उसाच्या फडात, मागच्या खोलीत, क्वचित दाव्याला बांधलेली अशी ती राहिली. माणूस समाजात होता. उपचार मात्र तेथे पोहोचला नव्हता. म्हणून येथे प्रश्न रुग्णाला परत आणण्याचा थोडा, आणि उपचार नव्याने नेण्याचा फार मोठा आहे.

खाट हे माप कोठून आले

खाटांची संख्या हेच क्षमतेचे माप का ठरले, हे समजण्यासाठी जुन्या कायद्यांकडे वळावे लागते. १८५८ च्या कायद्याने या देशात ‘लुनॅटिक असायलम’ नावाच्या संस्थांची रीतसर व्यवस्था लागली. १९१२ च्या कायद्याने ती अधिक बंदिस्त केली. रुग्णाचा प्रवेश मुख्यतः दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने होई. भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या माणसास पोलिसांनी हजर करावे आणि दंडाधिकाऱ्याने पाठवावे, असा तो क्रम होता. या चौकटीत संस्थेचे पहिले काम सांभाळून ठेवण्याचे होते. जी संस्था माणसे ठेवण्यासाठी असते, तिची क्षमता ती किती माणसे ठेवू शकते यावरूनच मोजली जाणार, हे उघड आहे. तुरुंगाची आणि वसतिगृहाचीही क्षमता अशीच मोजतात.

नावे यथाकाल बदलत गेली. १९२० च्या सुमारास ‘असायलम’ जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ आले. १९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम १९९३ मध्ये अमलात आला, तेव्हा कायद्यातून ‘लुनॅटिक’ हा शब्द गेला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णास तुरुंगात ठेवणे हे बेकायदेशीर व घटनाबाह्य असल्याचे ठरविले. असा निर्णय देण्याची वेळ १९९३ मध्ये यावी, यावरूनच खाट आणि कोठडी यांतील अंतर किती थोडे राहिले होते, याची कल्पना येते.

स्वातंत्र्यापूर्वी नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात या विषयाचा हिशेब मांडला, तोही खाटांतच. हिंदुस्थानात ४०,००० माणसांमागे एक खाट, इंग्लंडात ३०० माणसांमागे एक, अशी तुलना तीत होती. तिच्या मानाने महाराष्ट्राचे १९,७०० चे प्रमाण बरे म्हणावयाचे. परंतु इंग्लंडचे ते प्रमाण गाठावयाचे ठरविले असते, तर राज्यात पावणेचार लाख खाटा आणि एका सरासरी तालुक्यासाठी सुमारे १,०८० खाटा उभ्या कराव्या लागल्या असत्या. हे घडले नाही. ते दारिद्र्यामुळे घडले नाही, इतकेच. पुढे ज्या देशांनी अशा खाटा बांधल्या होत्या, त्यांनीच त्या मोडावयास घेतल्या.

दिशा बदलली ती कशी

१९५२ मध्ये क्लोरप्रोमाझीन या औषधाचा मानसिक आजारांवर उपयोग सुरू झाला आणि तीव्र आजाराची लक्षणे घरी राहूनही आटोक्यात ठेवता येतील, अशी शक्यता प्रथमच निर्माण झाली. अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ मध्ये सुमारे ५ लाख ५९ हजार रुग्ण होते. तेथून ही संख्या उतरत गेली. १९६३ मध्ये तेथे समाज मानसिक आरोग्य केंद्रांचा कायदा झाला. इंग्लंडच्या आरोग्यमंत्र्यांनी १९६१ मध्ये जुनी मनोरुग्णालये बंद करण्याचे धोरण जाहीर केले. इटलीने तर १९७८ च्या कायद्याने नवे रुग्ण मनोरुग्णालयांत घेण्यासच बंदी केली.

अमेरिकेचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. तेथे रुग्णालये वेगाने रिकामी झाली. त्यांच्या जागी जितकी केंद्रे उभी राहावयाची, तितकी राहिली नाहीत. परिणामी पुष्कळ रुग्ण रस्त्यावर आणि तुरुंगांत गेले. भिंत पाडल्याने आपोआप घर तयार होत नाही, हा त्यातील धडा होय.

आपल्याकडील विचार केवळ बाहेरून आलेला नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबूंत राहावयास जागा दिली. नातेवाइकांनी रुग्णाची शुश्रूषा केली, आजाराचे स्वरूप जवळून पाहिले, आणि रुग्णासह ते परत गेले. ज्या देशात खाटा थोड्या आणि कुटुंबे मोठी, त्या देशाने आपल्या हाती असलेल्या साधनांतून काढलेली ही वाट होती. १९७५ मध्ये बंगळूरनजीक सकलवाडा आणि चंडीगडनजीक रायपूर राणी येथे ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्यसेवेच्या आधाराने मानसिक उपचार देण्याचे प्रयोग सुरू झाले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. बळ्ळारी जिल्ह्यातील अनुभवावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आखण्यात आला आणि पुढे तो देशातील बहुतेक जिल्ह्यांसाठी मंजूर झाला.

या कार्यक्रमाची रचना साधी आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका यांचे पथक असावे. त्याने तालुक्याच्या रुग्णालयांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत ठरलेल्या दिवशी जावे. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना शिकवावे. औषध गावाजवळ मिळावे. देशात एक लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता येत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा वाटणीवाचून गत्यंतर नाही, हे पटते.

औषधाचा मासिक प्रवास

राहात्याच्या दृष्टीने या रचनेचे महत्त्व एका साध्या गोष्टीत आहे. छिन्नमनस्कता किंवा द्विध्रुवी आजार यांसारख्या विकारांत औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते. त्यासाठी दर महिन्यास येरवड्यास जावयाचे, तर रुग्णासह दुसरे एक माणूस जाते, जाण्यायेण्यात दिवस मोडतो, दोघांचे मजुरीचे खाडे होतात, एस.टी.चे भाडे वेगळे. पहिले काही महिने कुटुंब हे सोसते. मग रुग्णास बरे वाटू लागते, त्याच वेळी सुगी येते किंवा पैसा संपतो, आणि औषध सुटते. आजार उलटतो तो पुष्कळदा येथे. ‘रुग्णाने औषध सोडले’ अशी नोंद होते. ‘औषध दूर होते’ अशी नोंद कोठेही होत नाही.

राहाता तालुका या बाबतीत सर्वस्वी वंचित आहे, असे म्हणता येणार नाही. याच तालुक्यात लोणी येथे, जेथे १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेथेच पुढे १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर मनोविकारशास्त्राचा विभाग येतो. म्हणजे उपचार जाणणारी माणसे आता पल्ल्यात आहेत. जवळच्या सर्वसाधारण रुग्णालयातील काही खाटा आजाराच्या तीव्र काळापुरत्या मिळाल्या, तर दूरच्या मोठ्या संस्थेतील दीर्घ वास्तव्य बहुतेकांना टाळता येते. पण तालुक्यात तज्ज्ञ असणे आणि वस्तीवरच्या माणसापर्यंत उपचार पोहोचणे यांमध्ये आणखी एक अंतर आहे. ते किलोमीटरांत मोजता येत नाही. ते शब्दांचे अंतर आहे.

शब्दांचे अंतर

मराठीत ‘वेड’ हा शब्द केवळ निंदेचा नाही. नाटकाचे वेड, वाचनाचे वेड, असे आपण कौतुकानेही म्हणतो. संतांच्या वाणीत ईश्वराचे वेड वा ‘पिसे’ ही तर मागून घ्यावयाची अवस्था आहे. तेराव्या शतकातील महानुभाव चरित्रग्रंथांत ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना गावकरी वेडे म्हणतात आणि तरीही त्यांचा वावर घरोघरी आहे. त्या वर्णनावरून कोणताही वैद्यकीय निष्कर्ष काढू नये. मात्र वेडा म्हटला गेलेला पुरुष गावाच्या व्यवहारात सामावलेला असू शकतो, ही कल्पना मराठी मनाला परकी नव्हती, एवढे म्हणता येते.

मनोरुग्णालये उभी राहिल्यावर या शब्दक्षेत्रात एक नवी भर पडली, ती गावांच्या नावांची. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘आता येरवडा गाठावा लागणार’, ही वाक्ये मराठी माणसास अधिक स्पष्टीकरणाविना कळतात. नागपुरात चौकाचेच नाव ‘पागलखाना चौक’ असे पडले. पोर्तुगिजांकडून आलेला ‘इस्पितळ’ हा शब्द एरवी निरुपद्रवी; पण ‘वेड्यांचे इस्पितळ’ म्हणताच तो थट्टेचा वा धाकाचा होतो. संस्था ज्या गावात, ते गावच आजाराचे नाव झाले. संस्थेचा फलक ‘प्रादेशिक मनोरुग्णालय’ असा बदलला, तरी बोलीतील हा अर्थ बदलला नाही.

याचा परिणाम परतीच्या वाटेवर होतो. क्षयाच्या रुग्णालयातून बरा होऊन आलेला माणूस ‘बरा झालेला’ असतो. येरवड्याहून आलेला माणूस गावाच्या लेखी ‘येरवड्याहून आलेला’ राहतो. विवाह, वाटणी, मजुरी या सर्व व्यवहारांत हे विशेषण त्याच्या आधी पोहोचते. स्त्रियांच्या बाबतीत तर सासर आणि माहेर दोन्ही दारे मिटण्याचा प्रसंग येतो. बरे झालेले पुष्कळ रुग्ण मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहून जातात, याचे एक मोठे कारण हे आहे. त्यांची खाट भरलेली दिसते. तीवर उपचार मात्र चाललेला नसतो. क्षमतेच्या हिशेबात ही खाट कोणत्या रकान्यात धरावी, याचे उत्तर खाटा मोजून मिळत नाही.

दुसरे अंतर रुग्ण व वैद्य यांच्या भाषेतील आहे. ‘नैराश्य’ हा शब्द ग्रंथांतला. राहात्याच्या परिसरातील बाई आरोग्य केंद्रात येऊन ‘मला नैराश्य आहे’ असे म्हणत नाही. तिला करमत नाही, जेवण गोड लागत नाही, डोके जड राहते, छातीत धडधडते, झोप उडाली आहे, कशात जीव रमत नाही. ही सर्व वाक्ये शरीराची आणि मनाची एकत्र आहेत. ऐकणाऱ्याने त्यातील फक्त डोके आणि छाती ऐकली, तर गोळी तेवढ्याचीच मिळते. घरच्यांना ‘बाहेरचे काही’ वाटले, तर वाट मांत्रिकाकडे वळते. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे वा साखळदंडाने बांधणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा ठरला आहे. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळीने बांधलेले मनोरुग्ण सुटू न शकल्याने जळून मेले, हे स्मरणात ठेवले म्हणजे या तरतुदीचे मोल कळते.

हे शब्दांचे अंतर ओलांडता येते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पात गावपातळीवरील कार्यकर्त्यांना शिकवून, लोकांच्याच बोलीत नैराश्याविषयी बोलणे, प्राथमिक आधार देणे आणि गरज पडल्यास पुढे डॉक्टरांकडे धाडणे, अशी साखळी उभी केली होती. प्रकल्पापूर्वी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकांनी उपचारासाठी कोणाची तरी मदत घेतली होती. सुमारे दीड वर्षाच्या कामानंतर हे प्रमाण २७.२ टक्के झाले. यासाठी नवी खाट एकही बांधावी लागली नव्हती. अर्थात शंभरांतील सुमारे त्र्याहत्तर माणसे त्यानंतरही मदतीविना होती, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे.

कायदा काय म्हणतो

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१८ मध्ये लागू झाला. या विषयाच्या दृष्टीने त्याची दोन कलमे विशेष महत्त्वाची आहेत. १८ वे कलम मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा हक्क मानते आणि ती मिळविण्यासाठी कोणासही लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा राहत्या जागेजवळ मिळावी, असे सांगते. १९ वे कलम समाजात राहण्याचा हक्क देते. कुटुंब नाही, कुटुंबाने नाकारले, घर नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कोणालाही संस्थेत राहावयास लावता येणार नाही, असे ते म्हणते. साखळीने बांधण्यास हा कायदा कोणत्याही स्वरूपात मनाई करतो.

कायद्याच्या इतिहासात हा मोठा पालट आहे. १९१२ च्या कायद्याचा प्रश्न ‘या माणसास कोठे ठेवावे’ असा होता; २०१७ च्या कायद्याचा प्रश्न ‘या माणसापर्यंत काय पोहोचावे’ असा आहे. परंतु समाजात सोय नाही म्हणून संस्थेत ठेवू नये, एवढ्याने सोय निर्माण होत नाही. ज्यांना घर नाही, त्यांच्यासाठी संक्रमणगृहे आणि गटनिवास लागतात. ती अपुरी असल्याने हे ओझे आजवर फार मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवी संस्थांनी उचलले आहे. अहमदनगरजवळ शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांच्या माउली सेवा प्रतिष्ठानाने रस्त्यावरील निराधार मनोरुग्ण स्त्रियांना घर दिले. कर्जत येथे डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने रस्त्यावर भटकणाऱ्या रुग्णांवर उपचार करून त्यांना दूरदूरच्या राज्यांतील घरी पोहोचविले; या कार्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या संस्थांचे काम थोर आहे. त्याचबरोबर ते शासकीय व्यवस्थेतील रिकाम्या जागेचा नकाशाही आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने मानसिक सल्ला मिळण्याची टेली-मानस ही सोय झाली. प्रवासाचे अंतर तिने काही अंशी कमी केले आहे; तथापि गोळी, इंजेक्शन आणि तीव्र आजारातील देखरेख दूरध्वनीवरून पोहोचत नाहीत.

नव्या मापाची आवश्यकता

वरील विवेचनावरून खाटा निरुपयोगी आहेत, असा अर्थ कोणी घेऊ नये. आत्महत्येच्या काठावर असलेल्या किंवा आजाराच्या भरात अन्नपाणी सोडलेल्या माणसास काही दिवस खाट लागतेच, आणि ती जवळ लागते. चार मोठ्या संस्थांतील खाटा कमी करून तालुक्यात काहीच उभे न केल्यास, तो भार घरातील एका माणसावर, आणि ते माणूस बहुधा आई, पत्नी वा सून असते, येऊन पडेल. त्यास ‘समाजाधिष्ठित सेवा’ हे नाव देणे हा शब्दांचा दुरुपयोग होईल.

राहात्यासारख्या तालुक्यासाठी क्षमतेचे माप निराळे घ्यावयास हवे. औषधासाठी रुग्णास किती अंतर जावे लागते; सुरू झालेले औषध वर्षाअखेरीस कितीजणांचे चालू असते; तीव्र काळात जिल्ह्याच्या आत खाट मिळते की नाही; आणि रुग्णालयातून परतलेला माणूस वर्षानंतर कामावर व घरात आहे काय. या चार प्रश्नांची उत्तरे आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत आणि आशा कार्यकर्तीच्या घरभेटीत मिळू शकतात. त्यांसाठी नवी इमारत लागत नाही. ५,६९५ हा आकडा शासनाने किती माणसे ठेवून घेण्याची तयारी केली, हे सांगतो. तालुक्यातील सतराशे माणसांपैकी कितीजण औषध घेत आपापल्या घरी नांदत आहेत, हे सांगणारा आकडा ज्या दिवशी प्रत्येक तालुक्यात लिहिला जाऊ लागेल, त्या दिवशी या स्थित्यंतरास खऱ्या अर्थाने आरंभ झाला, असे म्हणता येईल.